नव्वद मिनिटांची झुंज

गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. हलगी कडाडत असते, हौद्यातली तांबडी माती पाणी-तेल घालून मऊ केलेली असते, आणि दिवस कलायला लागला की शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती लागते. दोन्ही गडी तुल्यबळ असले म्हणजे मोठा पेच पडतो. अर्धा तास होतो, पाऊण तास होतो, कोणाचीच पाठ मातीला लागत नाही. मग फडात दोन तट पडतात. एक तट ओरडतो, ‘सोडवा, सोडवा!’ दुसरा म्हणतो, ‘नाही, निकाली झालीच पाहिजे!’ शेवटी एखादा जुना वस्ताद फेटा सावरीत हौद्यात उतरतो, दोघांचे हात धरून वर करतो, आणि कुस्ती बरोबरीत सुटते. काही लोक हुर्यो करतात, काही टाळ्या वाजवतात. पण दोन्ही गडी आपल्या पायांनी घरी जातात.

आता घटकाभर अशी कल्पना करा की, त्या फडात वस्तादाला मध्ये पडायला मनाई आहे. पंचांना कुस्ती सोडवण्याचा अधिकार नाही. गुणांवर निकाल द्यायचा नाही, आणि घड्याळाकडे तर पाहायचेच नाही. झुंज संपण्याचे मार्ग दोनच: हरणाऱ्याने स्वतः हरलो म्हणावे, किंवा त्याच्या बाजूच्या माणसांनी ते त्याच्या वतीने म्हणावे. अशी एक झुंज १ मे २००० रोजी जपानची राजधानी टोकियो येथे झाली. आपल्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र राज्याला चाळीस वर्षे पूर्ण होत होती, आणि तिकडे टोकियो डोम नावाच्या अवाढव्य क्रीडागारात दोन माणसे एकमेकांशी नव्वद मिनिटे झुंजत होती. एक होता जपानचा काझुशी साकुराबा, वय तीस. दुसरा ब्राझीलचा रॉइस ग्रेसी, वय तेहेतीस. या झुंजीची हकिगत आज मी तुम्हांला सांगणार आहे. पण ती नीट कळायची तर आपल्याला शंभर वर्षे मागे गेले पाहिजे, कारण या झुंजीची मुळे फार खोल आहेत.

पहिल्यांदा खेळाविषयी दोन शब्द. या खेळाला इंग्रजीत मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात. आपण त्याला मिश्र मल्लयुद्ध म्हणू. मुष्टियुद्धातले ठोसे, लाथा, कुस्तीतले पाडणे-दाबणे आणि हातापायांचे सांधे पिरगळण्याचे किंवा मानेला फास आवळण्याचे पेच, हे सारे या एकाच खेळात चालते. आपल्या कुस्तीत पाठ लागली की गडी चितपट झाला आणि खेळ संपला. इथे पाठ लागण्याला काहीच अर्थ नाही. उलट पाठीवर पडलेला गडीच वरच्याला दोन्ही पायांच्या कैचीत धरून केव्हा त्याचा हात पिरगळील याचा नेम नसतो. ज्याला हार मान्य करायची असेल त्याने प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा जमिनीवर हाताने थोपटायचे. आपल्याकडे शड्डू ठोकतात ते आव्हान देण्यासाठी. इथले थोपटणे हे शरण जाण्यासाठी असते. एवढी खूण ध्यानात ठेवा, कारण पुढची सारी कथा त्या न थोपटलेल्या हाताची आहे.

आता मूळ कथा. जपानमध्ये जुजुत्सू नावाची जुनी युद्धकला होती. जिगोरो कानो नावाच्या एका शिक्षकाने, होय, ते पेशाने शिक्षकच होते, त्या कलेतले घातक प्रकार बाजूला काढून तरुणांना शिकवण्याजोगी नवी पद्धत बसवली आणि १८८२ साली टोकियोत कोदोकान नावाची शाळा काढली. त्या पद्धतीला त्यांनी ज्युदो असे नाव दिले. या शाळेत मित्सुयो माएदा नावाचा एक पटाईत विद्यार्थी तयार झाला. १९०४ साली तो अमेरिकेत गेला, आणि मग देशोदेशी झुंजी खेळत फिरू लागला. फिरत फिरत १९१४ मध्ये तो ब्राझीलला पोहोचला आणि पुढे ॲमेझॉन नदीच्या मुखाजवळच्या बेलेम शहरी त्याने घर केले. तिथेच १९४१ साली तो वारला.

बेलेममध्ये ग्रेसी नावाचे एक कुटुंब होते. त्यातला थोरला मुलगा कार्लोस. माएदाने या पोराला आपली विद्या शिकवली. कार्लोसने ती आपल्या भावांना दिली. त्या भावांतला हेलियो, जन्म १९१३ चा, अंगाने किरकोळ. बळाच्या जोरावर करायचे डाव त्याला जमेनात, म्हणून त्याने तरफेच्या तत्त्वावर भर दिला. एखादा जड धोंडा पहारीने जसा उचकटतो, तसा थोड्या जोरात मोठा गडी कसा हलवायचा, पाठीवर पडूनही स्वतःला कसे राखायचे आणि वरचा दमला की पेच कसा टाकायचा, याचा त्याने ध्यास घेतला. त्यातून ब्राझीलची स्वतःची जुजुत्सू घडत गेली. ही मंडळी अशी जिद्दीची, की कोणत्याही कलेतला कोणीही पैलवान येवो, आम्ही त्याच्याशी लढू, असे उघड आव्हान ते देत. आपल्या तालमींतून जशी घराण्यांची नावे चालतात, तसे रिओ द जानेरो शहरात ग्रेसी घराण्याचे नाव झाले.

१९५१ साली, म्हणजे आपले खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवून आले त्याच्या आदल्या वर्षी, जपानचा मासाहिको किमुरा ब्राझीलला आला. किमुरा म्हणजे त्या काळचा ज्युदोतला अजिंक्य मल्ल. त्याच्याबरोबर आलेल्या कातो नावाच्या धाकट्या ज्युदोपटूला हेलियोने आधीच हरवले होते. तेव्हा आता खुद्द किमुराच उतरला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना क्रीडांगणावर हा सामना झाला. यात ठोसे-लाथा नव्हत्या, केवळ पेच होते. आणि ठरले होते असे की, पाडले किंवा दाबले तर विजय नाही, शरण आणले तरच विजय. किमुरा वजनाने बराच भारी, वयाने लहान, आणि कसबाने तर कोणालाच न ऐकणारा.

पहिली दहा मिनिटे हेलियो तगला. दुसऱ्या फेरीत किमुराने त्याला पाडून त्याचा डावा हात धरला. हा पेच असा असतो: पडलेल्या माणसाचे मनगट आपल्या एका हाताने पकडायचे, दुसरा हात त्याच्या दंडाखालून घालून आपलेच मनगट पकडायचे, म्हणजे कुलूप बसते, आणि मग त्याचा हात पाठीमागे पिरगळत न्यायचा. खांदा आणि कोपर दोन्हींवर ताण येतो. कसलाही बलदंड माणूस असला तरी क्षणात थोपटतो. हेलियोने थोपटले नाही. किमुराने पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की, हाड मोडल्याचा आवाज आला, तरीही हेलियो शरण येईना, म्हणून हात आणखी पिरगळला. आता या गृहस्थाला थांबवणार कोण? तो स्वतः तर थांबणार नव्हता. तेव्हा कडेला उभ्या असलेल्या थोरल्या भावाने, कार्लोसने, आत टॉवेल टाकला. मुष्टियुद्धात ही जुनी चाल आहे. आपल्या माणसाच्या बाजूने टॉवेल, म्हणजे आपला पंचाच म्हणा, रिंगणात पडला की त्याचा अर्थ ‘आम्ही हार मानतो’. सामना तेराव्या मिनिटाला संपला.

यानंतर एक गोष्ट घडली ती मला फार आवडते. त्या पेचाला जपानीत वेगळे नाव होते. ब्राझीलमधल्या लोकांनी त्याला ‘किमुरा’ हेच नाव दिले. ज्याने आपल्या घरच्या माणसाला हरवले त्याचेच नाव ग्रेसींच्या शाळेतली पोरे रोजच्या सरावात घेऊ लागली. आज जगभर हा पेच त्याच नावाने ओळखला जातो.

पुढची चाळीस वर्षे आपण भरभर ओलांडू. हेलियोची मुले मोठी झाली. त्यांतला रोरियन अमेरिकेत गेला, आणि कोणती युद्धकला श्रेष्ठ हे एकदा जगाला दाखवावे म्हणून त्याने इतरांच्या साहाय्याने एक स्पर्धा भरवली. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरी ती झाली. आठ लढवय्ये, वजनाचे गट नाहीत, नियम जवळजवळ नाहीतच. ग्रेसींनी आपल्या घराण्यातर्फे रॉइसला उतरवले. मुद्दाम उतरवले असे म्हणतात, कारण तो दिसायला दांडगा नव्हता. हा सडपातळ गडी पांढरा झगा घालून आला आणि एका संध्याकाळी तिघांना शरण आणून गेला. पुढच्या वर्षी आणखी दोन स्पर्धा त्याने जिंकल्या. मुष्टियुद्धाचे आणि कराट्याचे जाणकार चकित झाले. ग्रेसींना कोणी हरवू शकत नाही, अशी एक समजूतच जगात पसरली.

या समजुतीचा मोठा चटका बसला तो जपानला. विद्या गेली होती त्यांच्याकडून, आणि आता तीच विद्या परत येऊन त्यांच्या मल्लांना पाडत होती. टोकियोत १९९७ साली प्राइड नावाच्या स्पर्धांना आरंभ झाला तोच मुळी अशा एका सामन्याने. नोबुहिको ताकादा हा जपानचा लाडका कुस्तीगीर. पण तिथली ती व्यावसायिक कुस्ती म्हणजे बरेचसे ठरवून केलेले नाटक. हेलियोचाच दुसरा मुलगा रिक्सन याने ताकादाला त्या वर्षी हरवले, आणि १९९८ मध्ये पुन्हा हरवले. लोक खिन्न झाले. आपले कुस्तीगीर नुसते नाटकातलेच काय, असे ते विचारू लागले.

याच ताकादाच्या हाताखाली तयार झालेला एक शिष्य म्हणजे काझुशी साकुराबा. उत्तर जपानमधल्या आकिता भागातला हा मुलगा. महाविद्यालयात खरी कुस्ती खेळलेला, मग व्यावसायिक कुस्तीत शिरलेला. स्वभावाने मिस्कील. तोंडावर कधी गंभीर भाव दिसायचे नाहीत, पण डोके मात्र कायम चालू. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी त्याची गाठ हेलियोच्या आणखी एका मुलाशी, रॉयलरशी, पडली. रॉयलर वजनाने बराच हलका होता. सामना संपायला दोनेक मिनिटे असताना साकुराबाने त्याचा हात पकडला आणि पेच टाकला. कोणता पेच? तोच, ‘किमुरा’! अठ्ठेचाळीस वर्षांनी पुन्हा एक जपानी, पुन्हा एक ग्रेसी, आणि पुन्हा तोच हात पिरगळणे. बापाप्रमाणेच मुलानेही थोपटले नाही. शेवटी पंचाने सामना थांबवला आणि साकुराबा विजयी झाल्याचे सांगितले.

झाले! इथे वादाला तोंड फुटले. ग्रेसींचे म्हणणे असे की, आमच्या माणसाने हार मानलीच नव्हती, मग पंच कोण थांबवणारा? तुम्हांला हा वाद नवा वाटायचे कारण नाही. आपल्या फडातही ‘पाठ लागली, नाही लागली’ यावरून गावेच्या गावे भांडली आहेत. पण ग्रेसी नुसते भांडून थांबले नाहीत. पुढल्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेत रॉइस आणि साकुराबा यांची गाठ पडणार असे ठरले, तेव्हा त्यांनी या एका सामन्यापुरते वेगळे नियम मागून घेतले. फेरी पंधरा मिनिटांची, पण फेऱ्या किती याला मर्यादा नाही. गुणांवर निकाल नाही. पंचाने मध्ये थांबवायचे नाही. एकाने थोपटावे, नाही तर त्याच्या माणसांनी टॉवेल टाकावा. इतरांच्या झुंजींना हे नियम नव्हते. शिवाय जिंकणाऱ्याला त्याच रात्री पुढच्या फेरीची झुंजही खेळायची होती. साकुराबाने या अटी मान्य केल्या.

आता १ मेची ती संध्याकाळ. साकुराबा आला तो एकटा नव्हे. सारखाच मुखवटा घातलेले तिघे जण आले, त्यांतला साकुराबा कोणता हे प्रेक्षकांनी ओळखायचे! लोक हसले. रॉइस आला तो आपल्या घरच्या माणसांच्या रांगेत, पांढरा झगा घालून, गंभीरपणे. कडेला शहाऐंशी वर्षांचा हेलियो होता. एकोणपन्नास वर्षांपूर्वी ज्याचा हात किमुराने पिरगळला तोच हा माणूस. त्याच्या डोळ्यांसमोर आता त्याचा मुलगा उभा राहणार होता.

सुरुवातीला झुंज खरोखर तुल्यबळ होती. वजने जवळजवळ सारखी, विद्या दोघांकडे भरपूर. रॉइसने अंगाला अंग लावून खाली ओढायचे, आणि साकुराबाने खाली न जाता त्याचा हात धरून दोरखंडाशी दाबून ठेवायचे, असे बराच वेळ चालले. पहिल्या फेरीच्या अखेरीस साकुराबाने त्याचा पाय धरून गुडघ्याचा पेच जवळजवळ बसवलाच होता. रॉइस त्यातून कसाबसा निसटला. पुढे रॉइसने साकुराबाची मान बगलेत आवळली तेव्हा पाहणाऱ्यांचा श्वास रोखला गेला. आता हा बेशुद्ध पडतो की काय! आणि साकुराबाने काय करावे? मान अडकलेली असतानाच त्याने रॉइसच्या विजारीशी ओढाताण चालवली. लोकांत हशा पिकला. पण त्या हशाआड अक्कल होती. ग्रेसींचा तो जाड झगा म्हणजे त्यांचे हत्यार; त्याची कॉलर नि बाही धरून ते गळफास घालतात. साकुराबाने तेच कापड उलटे वापरले. झगा डोक्यावरून ओढून रॉइसला अडकवायचा, कमरेचा पट्टा धरून त्याला हलू द्यायचे नाही, असे त्याने ठायी ठायी केले. उलटडाव म्हणतात तो हाच.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. नेहमीचा सामना असता तर तो केव्हाच संपून पंचांनी गुण मोजले असते. दोघेही उभेच होते. पण हळूहळू पारडे कलू लागले. साकुराबा रॉइसच्या मांडीवर लाथा हाणू लागला. एका लाथेने काही होत नाही. पण त्याच जागी वीस-पंचवीस बसल्या की पाय दगडासारखा जड होतो; झाडाच्या एकाच खाचेत कुऱ्हाड बसत राहावी तसे ते असते. पाचव्या फेरीपर्यंत रॉइसचे पाऊल नीट उचलेना. सहाव्या फेरीत तो पाठीवर पडून पायांनी स्वतःला राखीत होता आणि साकुराबा वरून, बाजूने, हर तऱ्हेने मारा करीत होता. तरी रॉइसने थोपटले नाही. ग्रेसींनीच मागून घेतलेल्या नियमामुळे पंचाला थांबवता येत नव्हते. सामन्याला मर्यादा नको हे त्यांचेच म्हणणे होते. आपल्या अंगची चिकाटी अफाट, समोरचा आधी दमेल, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब चुकला होता.

सहावी फेरी संपली. नव्वद मिनिटे पुरी झाली. सातवी सुरू व्हायची होती, आणि रॉइसला पायावर धड उभे राहता येत नव्हते. त्याच्या भावाने, रोरियनने, टॉवेल टाकला.

मंडळी, इथे घटकाभर थांबा. १९५१ मध्ये हेलियोने थोपटले नाही. थोरल्या भावाने टॉवेल टाकला. २००० मध्ये रॉइसने थोपटले नाही. त्याच्याही थोरल्या भावाने टॉवेल टाकला. लढणाऱ्याने अखेरपर्यंत लढायचे, आणि थांबवण्याचा कडू निर्णय कडेला उभ्या असलेल्या वडीलधाऱ्याने घ्यायचा, ही जणू त्या घराण्याची रीतच झाली. लढणाऱ्याची जिद्द साऱ्या जगाने वाखाणली. त्या दोन भावांविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही.

रात्र अजून संपली नव्हती. साकुराबाला नियमाप्रमाणे पुढची झुंज खेळायचीच होती. तीही कोणाशी, तर युक्रेनच्या इगोर वोव्हचान्चिनशी. हा वोव्हचान्चिन त्याच्याहून बराच वजनदार आणि ठोशाला भयंकर. नव्वद मिनिटे झुंजलेला साकुराबा पुन्हा उतरला, आणि आणखी पंधरा मिनिटे त्याने बरोबरीत काढली. निकाल लागेना म्हणून जादा फेरी खेळवायचे ठरले. तेव्हा साकुराबाच्या बाजूच्या माणसांनीही टॉवेल टाकला. ज्याने एका अजिंक्य घराण्याला त्याच रात्री हरवले, त्याच्या माणसांना हार मान्य करताना काय वाटले असेल? टाळ्यांचा कडकडाट चालू होता, आणखी पंधरा मिनिटे खेळ म्हणून सांगणे सोपे होते. त्यांनी ते सांगितले नाही.

पुढच्या हकिगती थोडक्यात सांगतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साकुराबाची गाठ कार्लोसचा नातू रेन्झो ग्रेसी याच्याशी पडली. पुन्हा किमुरा पेच, पुन्हा न थोपटलेला हात. कोपर निखळले तेव्हा पंचाने सामना थांबवला. पण रेन्झोने तिथल्या तिथे हजारो लोकांपुढे कबूल केले की, आज साकुराबा माझ्याहून सरस ठरला. या कबुलीला मी त्या विजयाइतकेच मोल देतो. २००७ मध्ये रॉइस आणि साकुराबा अमेरिकेत लॉस एंजेलिसला पुन्हा भेटले. तीन फेऱ्यांचा सामना गुणांवर रॉइसने जिंकला खरा, पण नंतरच्या तपासणीत त्याच्या शरीरात बंदी असलेले औषध आढळले, आणि त्या विजयाला डाग लागला. हेलियो २००९ च्या जानेवारीत, पंच्याण्णव वर्षांचा होऊन वारला. इकडे अमेरिकेत २००० आणि २००१ या वर्षांत या खेळाचे रीतसर नियम बांधले गेले. वजनाचे गट झाले. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, किताबासाठी पाच फेऱ्या, असे ठरले. पंचाला व डॉक्टरला सामना थांबवण्याचा अधिकार आला. ज्या मर्यादा त्या १ मे रोजी मुद्दाम काढून टाकल्या होत्या, त्याच मर्यादांमुळे हा खेळ पुढे टिकला आणि वाढला.

शिक्षकबंधूंना आता मला एक फार जुनी गोष्ट सांगायची आहे. मिश्र मल्लयुद्ध हा खेळ आजचा वाटतो, पण प्राचीन ग्रीक लोकांच्या ऑलिंपिकमध्ये इसवी सनापूर्वी ६४८ पासून असाच एक प्रकार होता. त्याचे नाव पँक्रेशन. चावायचे नाही आणि डोळे काढायचे नाहीत, एवढेच काय ते नियम. बाकी सर्व काही चालायचे. इसवी सनापूर्वी ५६४ मध्ये फिगालिया गावचा अर्राखिऑन नावाचा मल्ल त्यात झुंजत होता. प्रतिस्पर्ध्याने त्याच्या गळ्याला फास आवळला. प्राण कंठाशी आले. तेव्हा कडेला उभ्या असलेल्या त्याच्या गुरूने ओरडून त्याला सांगितले म्हणतात, की ऑलिंपियात शरण गेला नाही अशी कीर्ती मागे राहण्यासारखे दुसरे भाग्य नाही. अर्राखिऑनने उरल्या ताकदीनिशी प्रतिस्पर्ध्याच्या पायाचे बोट की घोटा मोडला. वेदनेने तो शरण आला, आणि त्याच क्षणी अर्राखिऑनचा प्राण गेला. पंचांनी विजयाचा मुकुट त्या प्रेताला घातला. गावात त्याचा पुतळा उभा राहिला. पुढे सातशे वर्षांनी पौसानियास नावाच्या प्रवाशाने तो पाहून त्याचे वर्णन लिहून ठेवले.

गोष्ट ऐकली की अंगावर काटा येतो. वर्गात सांगितली तर मुले डोळे विस्फारून ऐकतील. पण तुम्ही तिच्याकडे गुरूच्या बाजूने एकदा पाहा. शिष्य मरतो आहे हे त्या गुरूला दिसत होते. त्याला टॉवेल टाकायचा नव्हता. त्याला पुतळा हवा होता. कार्लोस आणि रोरियन ग्रेसी यांनीही आपल्या घराण्याची अब्रू पणाला लावली होती, आणि तिची किंमत त्यांना कमी नव्हती. तरी वेळ आली तेव्हा त्यांनी अब्रूपेक्षा भाऊ जपला.

हे सारे मी कशासाठी सांगतो आहे? काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. अंगापिंडाने भरलेला, तालमीत जाणारा. एका जत्रेत त्याचा खांदा डावात अडकला. फड ओरडत होता, पंच गप्प होते, आणि त्याचा वस्ताद, ज्याला सारे दिसत होते, तोही गप्प राहिला. कुस्ती निकाली झाली. त्या मुलाचा हात त्यानंतर खांद्याच्या वर कधी गेला नाही. मी त्याला विचारले, ‘अरे, हात वर का केला नाहीस?’ तो म्हणाला, ‘सर, गावाची अब्रू होती.’ त्यावर मला उत्तर सुचले नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. वीस वर्षांच्या पोराने थांबू नये हे त्याच्या वयाला शोभतेच. थांबवायला हवे होते ते चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या माणसांनी.

आपण आपल्या पोरांना जिद्द शिकवतो, ती शिकवलीच पाहिजे. पण प्रत्येक तालमीच्या, प्रत्येक शाळेच्या मैदानाच्या कडेला एक असा माणूस हवा, जो ओरडणाऱ्या लोकांकडे पाठ करून नुसता आपल्या गड्याकडे पाहील. गडी हरला तरी उद्या तो पुन्हा तालमीत येईल, एवढी काळजी त्याने घ्यावी. रॉइस ग्रेसी त्या रात्रीनंतर पुन्हा उभा राहिला, पुन्हा झुंजला, ते त्या टॉवेलामुळेच.

तेव्हा पुढच्या जत्रेत एखादा म्हातारा वस्ताद तुल्यबळ कुस्ती सोडवायला हौद्यात उतरला, तर हुर्यो करण्याआधी ती टोकियोची नव्वद मिनिटे आठवा. आणि त्या वस्तादाच्या जागी कधी तुम्हांला उभे राहावे लागले, तर खांद्यावरचा पंचा हाताशी असू द्या.